चार हातांचे हिम्मतराव

हैदराबादच्या मलकपेठेत हिम्मतरावांचं घर विचारलं तर नंबर कुणी सांगत नसे. "तो सोंगाड्या ना? दारावर पत्र्याची चांदणी टांगलीय बघा, तेच," असं सांगत. हिम्मतरावांना ही आपली कीर्ती वाटे. त्यांची बायको जयवंता हिला मात्र वाटे, की माणसाला त्याच्या घराण्यावरून ओळखावं, कामावरून ओळखावं, निदान तोंडावरून तरी ओळखावं. खोट्या दाढीवरून ओळखतात तो माणूस कसला? लग्नाला इतकी वर्षं होऊन नवऱ्याचं खरं तोंड तिने सलग महिनाभर पाहिलं असेल तर शपथ.

हे वेड लहानपणचं. घरची शेती परभणीकडे, आणि शाळेसाठी पोरगा शहरात मामाकडे ठेवलेला. मोहरमात अंगाला पट्टे रंगवून नाचणारे वाघ त्याने पाहिले आणि दाराखिडक्यांना लावायचा पिवळा रंग नखशिखान्त फासून घेतला. तो काही केल्या निघेना. मामाने घासलेटात चिंधी बुडवून पुसला, वर चामड्याच्या पट्ट्याने अंगावर खरे पट्टे उठवले. तरी कितीतरी दिवस उर्दूच्या तासाला मागच्या बाकावर एक फिकट वाघ बसलेला असे. शहाणं पोर असतं तर तिथंच खोड मोडली असती. याने उलट मास्तरांना विचारलं, "उस्ताद, मी खराच वाघ दिसत होतो की नाही?"

लग्नात तर हद्द झाली. स्वतःच्या बऱ्यापैकी मिशा असताना त्यांच्यावर नाटकवाल्याकडच्या जाड मिशा चिकटवल्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा घामाने डावी मिशी सुटून ओठावर लोंबत होती. जयवंताने हार घालायला हात वर केले, ती मिशी पाहिली, आणि पुढे आपल्या ताटात काय वाढून ठेवलंय ते तिला तिथंच कळलं. माहेरच्या बायका हसू दाबत होत्या. नवरदेवाला वाटलं, आपलं रूप पाहून लाजताहेत.

पुढे महसुलाच्या दफ्तरात कारकुनी मिळाली. काम बरं करत. पण एकदा नारद होऊन चिपळ्या वाजवत दफ्तरात गेले. साहेबांनी वर न बघता रजा मांडली आणि चपराशाला म्हणाले, "नारदजी को बाहर का रास्ता दिखाओ." ही गोष्ट हिम्मतराव स्वतःच रंगवून सांगत, आणि शेवटी म्हणत, "साहेबांनी जी लावलं बरं का, जी!"

खरा ऊत यायचा तो गणपतीत. मंडळाचा सजीव देखावा म्हणजे काय, तर फळ्यांचा मंच, वर लाल-हिरवे दिवे, आणि खाली तोंडाला रंग फासलेली बापे माणसं पुतळ्यासारखी उभी. डोळ्याची पापणी हलली नाही की टाळ्या. गणपती बिचारा मागे कोपऱ्यात. लोक त्याच्याकडे पाठ करून हे पुतळे बघत. ज्या वर्षी हिम्मतराव मारुती झाले, त्या वर्षी जयवंता दूर्वा घेऊन दर्शनाला गेली तर वाटेत त्यांची शेपटी आडवी. ओलांडावी तर नवऱ्याचा अपमान, न ओलांडावी तर देव भेटत नाही. शेवटी तिने ती पायाने बाजूला सारली. मारुतीने पापणी हलवली नाही, पण घरी आल्यावर तो दोन दिवस बोलला नाही.

असा हा माणूस. आणि याच माणसाच्या हातात एकदा घरादाराचं नशीब आलं.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करून भाषेप्रमाणे तीन राज्यांना वाटून द्यायचं ठरलं, त्या वर्षीची गोष्ट. जमिनीबरोबर सरकारी माणसांचीही वाटणी झाली. मराठी कारकून मुंबई राज्यात. हिम्मतरावांचंही नाव तिकडे गेलं. बुलढाणा की भंडारा, कुठे टाकतील याचा नेम नव्हता. आणि जयवंताची एकुलती लेक कुसुम पुलापलीकडच्या कोठीला दिलेली, तिला सातवा सरत आलेला. तिच्या घरात ना सासू, ना जाऊ, ना नणंद. नवरा भला, पण त्याला पाणी तापवण्यापलीकडे काही येत नव्हतं. पहिलं बाळंतपण आईवाचून करायचं? जयवंताने नवऱ्याच्या मागे लकडा लावला, तेव्हा कुठे त्यांनी अर्ज दिला: आई सावित्रीबाई डोळ्यांनी अधू, तिचा इलाज इथल्याच इस्पितळात चालू, सबब मला इथेच राहू द्यावं. अर्जाचा निकाल व्हायचा तो समक्ष. साहेबांपुढच्या या हजेरीला इकडे पेशी म्हणतात. पेशी ठरली ती नेमकी महालक्ष्म्यांच्या पूजेच्या दिवशी, सकाळी.

"तुम्ही तेवढं वेळेवर जा," जयवंता म्हणाली. "पूजा मी सांभाळते."

"पेशीचं काय घेऊन बसलीस! बोलवतात, नाव पुकारतात, सोडतात. त्या दिवशी संध्याकाळी देखावा आहे माहीत आहे ना? मोठमोठी माणसं येणार आहेत. माझ्या तोंडाला दुपारपासून रंग लावायला घ्यावा लागेल."

"आणि कुसुम?"

"कुसुमलाही घेऊन ये. पुढे बसायला सांगतो मधुकरला."

मधुकर हा मंडळाचा चिटणीस. यंदाचा देखावा त्याच्या डोक्यातून निघालेला: तीन लेकी सासरी निघाल्यात, म्हणजे ती तीन राज्यं, आणि मधोमध कमळावर महालक्ष्मी उभी राहून त्यांना आशीर्वाद देते. महालक्ष्मी कोण, हे सांगायला नको. हिरवं नऊवारी, पुठ्ठ्याचा मुकुट, गालाला बोटभर पावडर, आणि पाठीला बांधलेले पुठ्ठ्याचे दोन जादा हात. त्यातला उजवा जरा सैल होता. चालताना तो आपोआप वरखाली होऊन येणाऱ्याजाणाऱ्याला आशीर्वाद देई.

आमच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, येतात त्या तीन दिवसांच्या. पहिल्या दिवशी संध्याकाळी दोघी बहिणींचे मुखवटे तुळशीपासून सुपात घालून वाजतगाजत आणायचे. घरची वडील सवाष्ण उंबऱ्याशी विचारते, कोण आलं? आणणारी सांगते, महालक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी? सोन्याच्या पावलांनी. मग पाय धुणं, हळदीकुंकू, ओवाळणं, अक्षता. 'स्थिर हो' म्हणून अक्षता पडल्या की तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर विसर्जन होईतो ती जागची हलत नाही. मधे कुणी बोटभर सरकवत नाही की लुगड्याची निरी नीट करत नाही.

हिम्मतरावांच्या घरची वडील सवाष्ण म्हणजे सावित्रीबाई. सासरे गावाकडे शेतावर, त्या डोळ्यांसाठी लेकाकडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं सगळं धुक्यातलं. पण आवाज असा की मलकपेठच्या शर्यतीतला घोडा जागच्या जागी थांबेल. त्या संध्याकाळी त्या तांब्या, ताट घेऊन उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. परसदारी तुळशीपाशी जयवंता सुपात मुखवटे मांडत होती आणि शेजारच्या सुशीलाबाई ताट बडवायला सज्ज होत्या.

तेवढ्यात पुढच्या फाटकातून हिम्मतराव आले. मधुकरकडे नटून रंगीत तालमीला निघाले होते. पण एवढं रूप घेऊन सरळ मंचावर जाणं त्यांच्याच्याने होईना. आधी घरी मिरवावं, मग पुढे जावं. उंबऱ्याबाहेर येऊन ते ऐट करून उभे राहिले. पुठ्ठ्याचा उजवा हात वर गेला.

सावित्रीबाईंना धुक्यात हिरवं काही चमकलेलं दिसलं. त्यांनी विचारलं, "कोण आलं?"

माणसाला अक्कल असती तर म्हणाला असता, मी हिम्मत. पण एवढी तयार ओळ समोरून आली, ती सोंगाड्या सोडतो होय! बारीक आवाज काढून म्हणाले, "महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी?"

"सोन्याच्या पावलांनी!"

सावित्रीबाईंनी वाकून पाय धुतले. पायाला केस लागले, तर त्यांना वाटलं जरीचे काठ. हळद लावली, कुंकू लावलं, ओवाळलं, हाताला धरून आत आणून पाटावर उभं केलं आणि डोक्यावर अक्षता टाकल्या. "आई, स्थिर हो."

जयवंता सूप घेऊन आत आली, तर महालक्ष्मीच्या जागी नवरा. सुशीलाबाईंचा ताटावर उगारलेला हात तसाच राहिला.

"कशी गंमत केली!" हिम्मतराव आपल्या आवाजात हसले. "आई, अगं मी हिम्मत!"

सावित्रीबाईंनी हात लांबवून त्यांचा गाल चाचपला. बोटाला पावडर लागली. "हिम्मत्या? मग नाव कुणाचं घेतलंस?"

"थट्टेत घेतलं गं."

"मी थट्टेत नव्हतं विचारलं."

हिम्मतराव पाटावरून उतरायला लागले, तशा सावित्रीबाई गरजल्या, "पाय खाली ठेवायचा नाही! अक्षता पडल्यात. मुळावर विसर्जन होईतो तू इथंच."

"आई, तालीम आहे माझी! उद्या देखावा आहे! हवं तर आत्ताच विसर्जन करून टाक ना."

"आल्या पावली लक्ष्मीला घालवू? घरची लेक पोटुशी आहे, ती सुटायचीय अजून. तिच्यावर काही आलं तर तू निस्तरशील?"

कुसुमचं नाव निघालं आणि जयवंताने हातातलं सूप छातीशी धरलं. तिला नवऱ्याची कीव नव्हती. तो तीन दिवस काय, तीन महिने पाटावर उभा राहिला असता तरी ती आपली आंबील ढवळत राहिली असती. पण सकाळची पेशी! इथून हलवावं तर देवीचा कोप लेकीवर, न हलवावं तर बदली पक्की आणि लेक एकटी. या पांढऱ्या तोंडाच्या माणसाने एका ओळीच्या हौसेपायी तिला दोन्हीकडून बांधून टाकलं होतं. आणि तो मात्र आईला विचारत होता, "निदान हे पाठीचे हात तरी सोडू का? काचतात गं."

"देवीचे हात कुणी सोडतं का?"

मोरीपर्यंत जायची तेवढी मुभा मिळाली. खऱ्या दोघी बहिणी त्यांच्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या. त्यांच्या मुखवट्यांवर जे शांत हसू असतं, ते त्या दिवशी जयवंताला जरा जास्तच वाटलं.

सकाळी तिने पुरण शिजत घातलं, सोळा भाज्या सुशीलाबाईंना नेमून दिल्या, अंगावर बाहेरचं लुगडं घेतलं.

"कुठे निघालीस?" पाटावरून प्रश्न आला.

"तुमच्या पेशीला."

"तू? तू काय बोलणार साहेबांशी?" मग त्यांना एकदम आठवण झाली. "वाटेत मधुकर दिसला तर सांग, माझी जागा कुणाला देऊ नको म्हणावं. काहीतरी तोड काढतो."

ती बाहेर पडली. रिक्षावाल्याने विचारलं, "कां जाना अम्मा?" ती म्हणाली, "आबिड्स, बडे दफ्तर. जल्दी चलाव." चादरघाटाचा पूल ओलांडून रिक्षा कोठीत शिरली, तेव्हा कुसुमच्या घराच्या गल्लीकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरलीच असती.

दफ्तरात सगळे पुरुष. पायऱ्यांवर, व्हरांड्यात, झाडाखाली, ज्याच्या त्याच्या तोंडी हाच विषय, कोण कुठे गेला. ती पदर सावरून भिंतीशी उभी राहिली. नाव पुकारलं गेलं, "हिम्मतराव हाजिर है?" तशी ती आत गेली. साहेब चष्म्यावरून बघायला लागले. बाजूला त्यांचे पेशकार एकनाथराव कागद लावून उभे होते. जुने नोकरदार, मराठी माणूस.

"आप कौन? खाविंद कहाँ हैं आपके?"

इथवर येताना तिने मनाशी पन्नास उत्तरं जुळवली होती. ताप आहे म्हणावं, पाय मुरगळला म्हणावं. पण आज ज्येष्ठेचा दिवस, घरी नैवेद्य व्हायचा, आणि ज्या तोंडाने आरती म्हणायची त्या तोंडाने खोटं कसं बोलायचं? आणि खरं तरी कसं सांगायचं, की माझा नवरा लुगडं नेसून पाटावर उभा आहे? ती एकनाथरावांकडे वळली आणि मराठीत म्हणाली,

"घरी महालक्ष्मी उभी आहे. त्यांना जागचं हलता येत नाही."

शब्द न् शब्द खरा.

एकनाथरावांच्या तोंडावर आदर दाटून आला. त्यांच्या घरीही महालक्ष्म्या होत्या, त्यांनाही सकाळी पूजा टाकून यावं लागलं होतं. ते साहेबांना म्हणाले, "हुजूर, इनके घर में देवी खडी है. घर का मालिक देवी को छोडके उठ नहीं सकता. बडा सख्त परहेज है."

"पेशी छोड के?" साहेबांनी चष्मा काढला. "हमारे यहाँ तो लोग पेशी के वास्ते ईद छोड के आ गए. और ये शख्स नौकरी की परवा नहीं करता, इबादत में बैठा है!"

"खडा है, हुजूर," एकनाथराव म्हणाले.

"खडा है! और वालिदा की आँखें भी खराब?" त्यांनी कागदावर काहीतरी ओढलं. "ऐसे आदमी को कहाँ भेजते जी. यहीं रहने दो."

एकनाथरावांनी बाहेर येऊन सांगितलं, "हुकूम झाला, वहिनी. इथंच राहा. मोठे भाग्यवान हो तुम्ही, असा भक्तिमान नवरा लाभायला पुण्य लागतं."

जयवंताने खाली मान घालून नमस्कार केला. त्या मानेत काय काय होतं ते एकनाथरावांना कळणं शक्य नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं हे खरं, ते कुसुमसाठी. आणि ओठ दातांखाली घट्ट धरला होता, तो त्या भक्तिमान शब्दासाठी.

ती घरी आली तेव्हा पाटावरचा मुकुट कलला होता आणि काजळ गालांवरून हनुवटीपर्यंत ओघळलं होतं. क्षणभर तिला वाटलं, बदलीच्या काळजीने रडले असतील. माणूस आहे, बापाचं काळीज आहे.

"मधुकर येऊन गेला," हिम्मतराव हुंदका देत म्हणाले. "त्या उमाजी कंपाउंडरला दिली गं महालक्ष्मी! त्याला उभं तरी राहता येतं का? गुडघे वाकवतो तो!"

"पेशी झाली," ती म्हणाली.

"नवे हात करून घेतलेत त्याच्यासाठी. लाकडाचे!"

"इथंच ठेवलंय आपल्याला."

"कुठे? ... हां, बरं झालं." त्यांनी नाक पुसलं. "मी म्हटलंच होतं, पेशीचं काही नसतं."

तिने आत जाऊन चूल फुंकली. पुरणपोळ्या लाटल्या, नैवेद्य दाखवला, आरती केली. आरतीचं ताम्हन तिघींपुढून फिरवावं लागलं. दोघींपुढे तिचा हात सावकाश फिरला, तिसऱ्या पाटापुढून असा सर्रकन गेला की निरांजन विझतं की काय, असं सुशीलाबाईंना वाटलं. संध्याकाळी हळदीकुंकवाला आळीतल्या बायका आल्या, तोंडात पदर कोंबून हसल्या. त्याबरोबर आमच्या महालक्ष्मीचा शोक आटला. मान ताठ झाली, उजवा हात वरखाली होऊन आशीर्वाद द्यायला लागला. कुसुमही आली. तिने वाकून दोघी बहिणींना नमस्कार केला आणि वर पाहून म्हणाली, "अण्णा, हे काय हो?"

"गप गं, पापणी हलते माझी," अण्णा ओठ न हलवता म्हणाले.

मंडळाच्या बाजूने टाळ्यांचा आवाज आला, तशी ती पापणी खरोखरच हलली. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. "इथंच आहोत आम्ही," जयवंता तिच्या कानात म्हणाली. कुसुमने आईचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकनाथरावांनी सांगितलेली हकिगत कुणाकडून तरी आळीत पोचली, आणि पाटावरूनच हिम्मतरावांनी तिला आपलं रूप दिलं. दारात येईल त्याला सांगत, "देवी पावली. आता देवी कोण, ते तुम्हीच बघा! साहेब म्हणाले, ऐसे आदमी को कहाँ भेजते." दूधवाल्याला सांगितलं, धोब्याला सांगितलं. पेशीला कोण गेलं होतं, हे सांगायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

मूळ लागलं. दहीभाताचा नैवेद्य झाला. सावित्रीबाई म्हणाल्या, "जयवंता, अक्षता टाक. 'पुनरागमनाय च' म्हण, म्हणजे पुढच्या वर्षी परत येतील."

जयवंताने मूठभर अक्षता घेतल्या. थोरलीवर टाकल्या आणि हात जोडून म्हटलं, "पुनरागमनाय च." धाकटीवर टाकल्या, "पुनरागमनाय च." मग ती तिसऱ्या पाटापुढे आली. मुकुटाची खळ सुटली होती, पावडरीतून दाढीचे खुंट वर आले होते. उरलेल्या अक्षता तिने एका झटक्यात त्या तोंडावर मारल्या, ताट उचललं आणि स्वयंपाकघराकडे वळली.

"अगं, मला नाही म्हटलंस ते?" मागून आवाज आला.

"नाही," जयवंता म्हणाली.